सड्यावर झाडं लावू नका, कृपा करून

काजुलो | शुक्रवार, रात्री ९:४०

जून जवळ आला की आमच्याकडे खड्डे खणायला सुरुवात होते. रस्त्यावरचे म्हणत नाही, ते बारा महिने असतात. वृक्षारोपणाचे. पंचायत, क्रीडामंडळ, शाळेची एनएसएस, कुठल्यातरी कंपनीचा सीएसआर, सगळ्यांना झाडं लावायची असतात आणि जागा शोधताना सगळ्यांची नजर सड्यावर जाते. सपाट, उघडा, टेम्पो थेट वर जातो, कुणाचं भाट मधे येत नाही. यंदा आमच्या बार्देश तालुक्यातल्या सड्याची पाळी आहे. ग्रामसभेत विरोध करणार म्हटल्यावर एक पंच हसून म्हणाले, "हांगा कितें आसा? फातर आनी तण." (इथे आहे काय? दगड आणि गवत.)

तर या फातर आणि तणाबद्दल हा धागा.

सडा म्हणजे वर जांभ्या दगडाचं कवच, त्यावर माती कुठे चार बोटं, कुठे तेवढीही नाही. मोठ्या झाडाला मूळ धरायला जागा नाही, म्हणून गवत आणि भेगाभेगांतून करवंदं, चारं असली झुडपं. एप्रिलात अनवाणी पाय ठेववत नाही. पाऊस लागला की खळग्यांत पाणी साचतं, श्रावणापासून गेंद, कवला, तेरडा, सीतेची आसवं, दवबिंदू. शेवटची दोन तर किडे धरून खातात, कारण इथल्या मातीत पोसण्यासारखं काही नाही. दसऱ्याच्या पुढे गवत पिवळं पडतं, बी धरतं, नाकतोडे उदंड होतात. हे चक्र असंच हजारो वर्षं चाललेलं आहे. जंगल तोडून इथे माळ झालेला नाही.

आणि पक्षी. मलबारी चंडोल हा इथला खरा भाटकार, म्हणजे जमीनमालक. शेंडीवाला, तपकिरी, आणि पश्चिम भारताबाहेर जगात कुठेही न सापडणारा. डोंबारी चंडोल तोच जो हवेत चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो, जमिनीच्या आधी सावरतो आणि पुन्हा चढतो. धान तीरचिमणी, लावे, रातवा. रातवा तर घरटंच करत नाही, उघड्या जमिनीवर अंडी घालतो आणि दिवसा तिथेच डोळे मिटून बसतो. पायाखाली येईपर्यंत दिसत नाही.

माळटिटवीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण खड्ड्यांचा पहिला फटका तिला. ही आपली नेहमीची "टिटिव टिव" करणारी, चोचीजवळ तांबडा मांसल लोलक असलेली टिटवी नव्हे. हिचा लोलक पिवळा, डोकं काळं, स्वभाव भिडस्त. ही पाण्यापासून दूर, कोरड्या सड्यावर राहते. मार्च ते मे, म्हणजे सडा सगळ्यात तापलेला असताना, खळग्यात चार खडे रचून त्यात बहुधा चार अंडी. रंग असा की जांभ्याच्या चुऱ्यात अंडी कुठली आणि खडे कुठले कळत नाही. ऊन चढलं की आईबाप पोटाची पिसं पाण्यात भिजवून येतात आणि अंड्यांवर बसतात, ती थंड राहावीत म्हणून. पिल्लू अंड्यातून निघाल्यावर थोड्याच वेळात पळायला लागतं आणि धोका वाटला की जिथे असेल तिथे चिकटून बसतं. जेसीबीसमोरही.

थंडीत बाहेरचे पाहुणे. मध्य आशियातून येणारे भोवत्ये नावाचे शिकारी पक्षी, माँटेग्यूचा आणि पांढुरका. दिवसभर गवतावरून कमी उंचीवरून तरंगत नाकतोडे, उंदीर, लहान पक्षी टिपतात आणि रात्री जमिनीवर, उंच गवतात, घोळक्याने झोपतात. झाडावर नाही. खरुची, म्हणजे छोटा ससाणा, हवेत एका जागी पंख फडफडवत थांबते, कापशी घारही तेच करते. सापमार गरुड वरून साप शोधतो. या सगळ्यांना खाली उघडं दिसायला हवं.

आता इथे ऑस्ट्रेलियन बाभळीची रांग लावली तर काय होईल? पहिली दोन वर्षं काही नाही, निम्मी रोपं मरतील. जगतील त्यांच्यावर कावळे आणि घारी बसतील आणि चंडोलाची, टिटवीची अंडी वरून आरामात हेरतील. जमिनीवर घरटी करणारे पक्षी उभ्या गोष्टींपासून लांब राहतात, त्याला हे कारण आहे. मग एके दिवशी पेपरात येईल, "पूर्वी इथे पक्षी दिसत".

गोव्यात सहा अभयारण्यं आणि मोलेचं राष्ट्रीय उद्यान. चोडणचं सलीम अली अभयारण्य खारफुटीचं, बाकीची मुख्यतः घाटाच्या जंगलाची. सड्यासाठी एकही नाही. आणि सड्यावर आपण काय काय बांधलंय बघा: दाबोळीचा विमानतळ, वेर्ण्याची औद्योगिक वसाहत, पर्वरीची विधानसभा, ताळगावचं विद्यापीठ, बांबोळीचं वैद्यकीय महाविद्यालय, साळगावचा कचरा प्रकल्प, आता मोपचा नवा विमानतळ. गोव्याचं सरकार, शिक्षण, आजारपण, कचरा, सगळं चंडोलाच्या डोक्यावर.

तुमच्या गावच्या सड्यावर काय दिसतं, काय दिसेनासं झालं, लिहा.

फेणीश्वर | शुक्रवार, रात्री १०:१५

म्हणजे आता झाडं लावणंही पाप? परवापर्यंत झाडं तोडू नका म्हणत होतात. पर्यावरणवाल्यांनी एकदा बसून काय ते ठरवा आणि आम्हाला कळवा. आमचा क्लब आंब्याची रोपं घेऊन तयार आहे.

पोटापुरता पसारा | शुक्रवार, रात्री १०:३१

फेणीश्वर, आंबे तुमच्या क्लबाच्या मागच्या उतारावर लावा, सावली आणि पन्हं दोन्ही मिळेल.

बाकी लेख आवडला. वाचनखूण साठवली.

पेडणेकरीण | शुक्रवार, रात्री ११:०२

मोपचा उल्लेख आला म्हणून लिहिते. आमचं माहेर त्याच पठाराच्या पायथ्याशी. लहानपणी गुरं वर चरायला जायची, आम्ही करवंदांच्या मागे. संध्याकाळी खाली येताना वाटेवरून रातवे उठायचे.

विमानतळाचा वाद कोर्टात किती वर्षं चालला ते सगळ्यांना माहीत आहे. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण मंजुरी स्थगित केली, जानेवारी २०२० मध्ये जादा अटींवर मोकळी केली, ११ डिसेंबर २०२२ ला उद्घाटन, ५ जानेवारी २०२३ पासून विमानं. या सगळ्यात बातम्यांमध्ये काय होतं? झाडं. पन्नास हजारांहून जास्त झाडं तोडणार म्हणून आरडाओरडा, आणि तो व्हायलाच हवा होता. झऱ्यांबद्दलही बोललं गेलं. पण मधल्या उघड्या गवताबद्दल आमच्या गावातही कुणी हळहळलं नाही, मीही नाही. तिथे तर काहीच तोडायचं नव्हतं ना.

गंमत म्हणजे विमानतळाच्या कुंपणाआत गवत राखतातच. धावपट्टीच्या बाजूला टिटव्या आणि घारी येतात, मग त्यांना हाकलायला माणसं ठेवतात. पक्षी मूळ जागेवरच यायला बघतात हो.

तांबडी माती | शनिवार, सकाळी ८:१०

मी उलट बाजूने बोलणार, रागावू नका.

आमच्या गावचा सडा कोमुनिदादचा, म्हणजे गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेचा. आमच्या पिढीच्या पोरांना घर बांधायला जागा नाही. शेत बुजवलं तर तुम्ही ओरडता, खाजन (खाडीकाठची बांध घातलेली जमीन) बुजवलं तर ओरडता, डोंगर कापला तर ओरडता, आणि ते सगळं बरोबरच आहे. मग राहतं काय? सडा. तिथे ना भात पिकत, ना पूर येत, ना डोंगर खचत. घरं बांधायला सगळ्यात शहाणी जागा तीच. आता तुम्ही म्हणता तिथे चंडोल आहे. मग गोयकारांनी राहायचं कुठे? होडीत?

दिल्लीवाल्यांचे व्हिला वर आले तेव्हा चंडोल कुठे होता हेही कुणीतरी सांगा.

काजुलो | शनिवार, सकाळी ९:०५

तांबडी मातीबाब, रागावायचं कशाला. तुमचा मुद्दा या धाग्यातला सगळ्यात अवघड मुद्दा आहे आणि माझ्याकडे त्याचं पुरतं उत्तर नाही.

एवढंच म्हणतो की गावच्या पोरांची घरं ही सड्याच्या एका कडेला, रस्त्यालगत, मावतात. सगळा सडा जातो तो त्यांच्यापायी नाही. तो जातो मोठ्या प्रकल्पांना आणि बाहेरच्या वसाहतींना, ज्यांना एका तुकड्यात लाखो चौरस मीटर हवे असतात. आणि माळाच्या पक्ष्यांना नेमकं तेच लागतं, एका तुकड्यात मोठी उघडी जागा. चार बाजूंनी घरं आणि मधे मैदान उरलं तर तिथे साळुंक्या राहतात, भोवत्या येत नाही.

वृक्षारोपणाचा प्रश्न मात्र घरांपेक्षा सोपा आहे. तिथे कुणाचंच काही अडलेलं नाही. खड्डे दुसरीकडे खणा, झालं.

कलमकसाई | शनिवार, सकाळी ११:४८

कायद्याची बाजू मांडते, कारण सडा का सुटा पडतो हे तिथे दडलंय.

१९९६ च्या गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जंगल म्हणजे फक्त सरकारी नोंदीतलं जंगल नव्हे, शब्दाच्या सर्वसाधारण अर्थाने जे जंगल ते सगळं. मग प्रत्येक राज्याला खासगी जंगलं ओळखावी लागली. गोव्याने तीन निकष ठेवले: झाडांपैकी ७५ टक्के वनवृक्ष हवेत, छत्रघनता किमान ०.४ हवी, आणि जागा सरकारी जंगलाला लागून नसेल तर सलग किमान ५ हेक्टर हवी. छत्रघनता ०.४ म्हणजे वरून पाहिलं तर चाळीस टक्के जमीन पानांखाली झाकलेली. हे निकष फार कडक आहेत, ०.१ करा, असा खटला वर्षानुवर्षं चालला. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आहेत तेच निकष कायम ठेवले.

आता सडा या चाळणीत टाका. सड्याची छत्रघनता जवळपास शून्य. खासगी जंगल म्हणून तो कधीच बसणार नाही, ०.१ केली असती तरी बसला नसता. शेत नाही म्हणून शेतजमिनीचं संरक्षण नाही. खाजन नाही, किनारा नाही म्हणून सीआरझेडचे किनारपट्टीचे नियम नाहीत. गोव्यात कुठली जमीन कशाला वापरायची ते ठरवणाऱ्या प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये काही उतार आणि पठारं पर्यावरण-संवेदनशील म्हणून रंगवलीत, पण रंग बदलायची सोय आहे. त्यासाठी वापरले जाणारे, नगरनियोजन कायद्यातल्या कलम १७(२) खालचे नियम उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले, पण त्याच कायद्याचं कलम ३९अ आहेच. त्याखाली भूखंडाचा विभाग बदलायचा असेल तर जाहिरात येते आणि हरकतींना तीस दिवस मिळतात. जाहिरात सर्व्हे क्रमांकाने येते, "चंडोलाचा सडा" असं कुणी लिहीत नाही. त्यामुळे आपल्या सड्याचे सर्व्हे क्रमांक आधीच काढून ठेवा, एवढं एक काम तरी करा.

दुसरं. देशाचा वनसर्वेक्षण अहवाल उपग्रहाच्या चित्रांवरून होतो. एक हेक्टरवर दहा टक्क्यांहून जास्त छत्र दिसलं की ते वनाच्छादन. काजूची बाग असो, बाभळीची लागवड असो. म्हणजे सड्यावर बाभूळ लावली की आकड्यात गोवा हिरवा होतो आणि गवत गेल्याचं कुठेच उमटत नाही.

फेणीश्वर | शनिवार, दुपारी १२:२०

बरं, मान्य. क्लबात विषय काढतो. पण आंबा नाही तर काय लावायचं सड्यावर? काहीतरी लावायचं आहेच, पैसे मंजूर झालेत.

पोटापुरता पसारा | शनिवार, दुपारी १२:२४

फलक लावा. "येथे काहीही लावू नये."

कुळागरकार | शनिवार, दुपारी ४:३५

पक्ष्यांतलं मला फार कळत नाही. पाण्याचं सांगतो.

आमचं कुळागर, म्हणजे बागायत, सड्याच्या पायथ्याशी. वरून झर येते, तिच्यावर माड-पोफळी, केळी, जायफळ, मिरी. जांभा सच्छिद्र. पावसाचं पाणी वरच्या खळग्यांत थांबतं, भेगांतून मुरतं आणि महिन्यामहिन्यांनी खाली निघतं. वर काँक्रीट झालं की ते पाणी नाल्याने धो धो जातं आणि मार्चमध्ये झर आटते. हे आमच्या शेजारच्या वाड्यावर झालंय. वर चिरेखण काढली, कवच फोडलं, खाली दोन विहिरी गेल्या. तेव्हा सडा राखायला चंडोल पुरत नसेल तर झर सांगा. पंचांना पाणी लवकर कळतं.

दुसरी गोष्ट गुरांची. आमच्याकडे धनगर-गवळ्यांची गुरं सड्यावर यायची. गवत कापूनही न्यायचे. आता गाई राहिल्या नाहीत, ज्या आहेत त्या हायवेवर बसतात. चराई थांबली तसं वर रानमोडी आणि रानतुळस माजली. तुमचं ते उघडं माळरान न चारता, न कापता उघडं राहील असं मला वाटत नाही. आणि आग. काजूच्या हंगामाआधी बागेभोवतीचं गवत जाळायची जुनी रीत, ती ठीक, त्यावर माणूस उभा असतो. पण हल्ली मार्च-एप्रिलात कुणीतरी सिगरेट टाकतो आणि सगळा सडा जातो. टिटवीची अंडी मार्च ते मे म्हणालात, म्हणजे नेमकी त्यातच सापडणार.

काजुलो | शनिवार, संध्याकाळी ५:१०

कुळागरकारबाब, चराईचं अगदी पटलं. माळटिटवीला आखूड गवत आणि उघडा दगड लागतो, भोवत्याला झोपायला गुडघ्यापेक्षा उंच गवत लागतं. दोघं एकाच सड्यावर तेव्हाच राहतात जेव्हा कुठे चरलेलं, कुठे राखलेलं असतं. कुंपण घालून "राखीव" म्हणून सोडून दिलं तर दोघंही जातील आणि रानमोडी राहील. गवत कापायचंच तर दिवाळीनंतर, बी पडल्यावर, आणि एका वेळी सगळं नाही. आगीच्या पट्ट्या थंडीतच मारून ठेवाव्यात, मार्चमध्ये काडी ओढू नये.

नान्नजचा | शनिवार, संध्याकाळी ७:४४

मी सोलापूरचा, नोकरीनिमित्त फोंड्याला. आमच्याकडे माळढोकासाठी १९७९ मध्ये नान्नजला अभयारण्य झालं. गोव्यात माळढोकाचा प्रश्नच नाही, तो कोरड्या पठारांचा पक्षी. तरी एक गोष्ट जुळते म्हणून लिहितो. आमच्याकडेही माळावर गिरिपुष्प आणि इतर झाडांची लागवड झाली, तीही चांगल्या हेतूने. माळढोकाला लांबवर मोकळं दिसायला हवं, तो झाडीत शिरत नाही. आज देशभरात माळढोक दीडशेच्या आसपास उरलेत आणि बहुतेक राजस्थानात. यामागे शेती, विजेच्या तारा, शिकार असं बरंच काही आहे. पण माळाला झाडांच्या फुटपट्टीने मोजणं त्यात आहेच.

"स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स" या २०२३ च्या अहवालात ९४२ जातींचा आढावा आहे. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल काढता आला त्यांतल्या ६० टक्के कमी झाल्यात. गवताळ आणि उघड्या प्रदेशातल्या पक्ष्यांची अवस्था त्यात विशेष वाईट. ही माहिती तुमच्या-माझ्यासारख्यांनी मोबाईलवर भरलेल्या नोंदींतून आली आहे, तेव्हा सड्यावर जाल तेव्हा ई-बर्डवर यादी टाका. मोठे पक्षी दिसले नाहीत तरी टाका. चार तीरचिमण्या आणि एक चंडोल ही पण नोंदच.

दिवचली | रविवार, सकाळी ७:३०

मी प्राथमिक शाळेत शिकवते, मुलांना घेऊन शाळेमागच्या सड्यावर जाते. मला तिथले सगळे पक्षी तपकिरीच दिसतात. मुलं विचारतात "बाई, हा कोण?" आणि मी "चिमणीसारखा कुणीतरी" म्हणून वेळ मारून नेते. चंडोल, डोंबारी आणि तीरचिमणी ओळखायचे कसे, कुणी सोप्या शब्दांत सांगेल का?

काजुलो | रविवार, सकाळी ८:४५

ताई, चालण्यावरून सुरू करा. तीरचिमणी सडपातळ, उभ्या अंगाची, शेपटी लांब आणि चालताना शेपटी हलवत राहते. उडाली की शेपटीच्या कडेची पांढरी पिसं चमकतात. चंडोल जाडसर, चोच दणकट, पाय आखडून जमिनीला चिकटून चालतो. मलबारी चंडोलाची शेंडी टोकदार, बसलेला असतानाही दिसते, छातीवर गडद रेघा. उडाला की शेपटीच्या कडा पांढऱ्या नाहीत, तांबूस.

डोंबारी सगळ्यांत लहान, गिड्डा. नर सोपा: डोक्यावर राखाडी टोपी, डोळ्यांतून काळी पट्टी, पोट काळं. मादी मातकट, तिला नराच्या सोबतीवरूनच ओळखायचं, त्यात लाज नाही.

मुलांना कानाने शिकवा असं सुचवेन. चंडोल एखाद्या धोंड्यावर बसून शिट्टीसारखं गातो आणि हवेत चढतानाही गातो. डोंबाऱ्याची शीळ एकसुरी, खाली झेपावताना लांबत जाते. कान तयार झाले की डोळे आपोआप तिकडे जातात.

मार्च ते मे मुलांना सड्याच्या मधे नेऊ नका, कडेने न्या. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली तर पाऊल जिथे आहे तिथे थांबवून आलात तसे मागे फिरा. अंडी जवळच असतात.

लोलयेकार | रविवार, सकाळी १०:२०

काणकोणातून नमस्कार. आमच्या लोलयेच्या भगवती पठारावर आधी आयआयटी आणायचं ठरलं. गावाने विरोध केला. मग ती तिथून सत्तरीत मेळावलीला गेली, तिथल्या लोकांनीही जानेवारी २०२१ मध्ये परत पाठवली. आता आमच्याच पठारावर फिल्मसिटीची टूम निघाली आहे. पुन्हा ग्रामसभा, पुन्हा ठराव.

प्रत्येक वेळी वरून येणारा माणूस तेच म्हणतो, "जागा रिकामी आहे." पठारावर पावसाळ्यात किती तळी साचतात, त्यांत किती जातींचे बेडूक ओरडतात, हे त्याला एप्रिलात कसं दिसणार? सगळ्या पाहण्या उन्हाळ्यातच होतात. गोव्यातल्या पठारांवरच्या आणि भातशेतीतल्या एका बेडकाचं २०१८ मध्ये नव्याने वर्णन झालं आणि त्याला "गोंयची" असंच नाव मिळालं. एवढं नाव मिळवूनही त्याला विचारतो कोण.

आमच्या मुलांनी एक केलं. वर्षभर दर महिन्याला एकाच ठिकाणाहून पठाराचा फोटो काढला. बारा फोटो शेजारी शेजारी ठेवले की रिकामी जागा म्हणायला कुणाची जीभ उचलत नाही. भाषणांपेक्षा ते बरं चालतं.

नुस्ताळ | रविवार, दुपारी १:१५

सडे काय आजचे नाहीत. उसगाळीमळला कुशावतीच्या काठी जांभ्यावर आदिमानवाने बैल, हरणं, चक्रव्यूह कोरलेत. कोकणातल्या कातळशिल्पांबरोबर ती जागा २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. चित्रांत मोरही आहे म्हणतात. तो मोर आणि २०१६ साली आपल्याच एका मंत्र्याने उपद्रवी प्राणी ठरवावा म्हणून सुचवलेला मोर, दोघे एकाच कुळातले.

पोटापुरता पसारा | रविवार, दुपारी १:२२

मोराला उपद्रवी म्हणणाऱ्यांच्या शेतात मोर जातो, यात मोराला चांगल्याची चव कळते एवढंच सिद्ध होतं.

झूमवाला | रविवार, दुपारी ३:००

फोटोग्राफर म्हणून एक विनंती, आमच्याच मंडळींना. घरट्याचे फोटो टाकताना जागा लिहू नका. माळटिटवीच्या अंड्यांभोवती जमलेला घोळका मी पाहिलाय, पिल्लू चांगलं दिसावं म्हणून गवत बाजूला करणारे महाभाग पाहिलेत. रातव्याला टॉर्च मारत राहू नका. आणि पावसाळ्यात सड्यावर जीप नाचवायला जाणाऱ्यांनो, ज्या चिखलात चाक फिरवता तो चिखल नसतो, वर्षभरासाठी साठलेली चार बोटं माती असते. ती एकदा वाहून गेली की खाली दगड.

तांबडी माती | रविवार, रात्री ८:४०

वाचलं सगळं. घरांच्या बाबतीत माझं मत तेच आहे. पण कुळागरकार म्हणतात ते पाण्याचं खरं आहे, आमची झर पण गेली दोन वर्षं लवकर आटते. कोमुनिदादच्या सभेत सड्याचा एक भाग तसाच ठेवायचा मुद्दा मांडतो. किती भाग, यावर मात्र मी तुमच्याशी भांडणार.

काजुलो | रविवार, रात्री ९:१५

भांडा. किती ठेवायचा यावर भांडण होणं म्हणजे ठेवायचा हे तरी ठरलं.

आमच्याकडचा वृत्तांत: ग्रामसभा आज सकाळी झाली. पक्ष्यांचं बोललो तेव्हा जांभया, झरीचं बोललो तेव्हा दोन म्हाताऱ्या उठून उभ्या राहिल्या आणि आपल्या विहिरींची कहाणी सांगायला लागल्या, त्यांना थांबवता थांबवता सरपंच दमले. सध्या ठरलंय ते असं: रोपं सड्याच्या मधे नाहीत. शाळेच्या आवारात, मुख्य रस्त्याच्या कडेला आणि जुन्या चिरेखणीच्या भोवती. चिरेखणीत तसंही काही उरलेलं नाही. बाभूळ नाही, किंदळ, जांभूळ, वड, भेडस. पंच मात्र "सड्याच्या कडेने शोभेची पाम तरी लावूया" यावर अडून आहेत.

दिवचली | रविवार, रात्री ९:४०

अभिनंदन. पण पुढच्या वर्षी पंच बदलले की पुन्हा खड्डे. कुठेतरी लिहून ठेवायची सोय नाही का?

कलमकसाई | रविवार, रात्री १०:०५

आहे. जैवविविधता कायदा २००२ खाली प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. त्या नोंदवहीत सड्याचं पान आहे का ते बघा. बहुतेक ठिकाणी झाडं, औषधी वनस्पती, मासे यांची पानं भरलेली असतात आणि सडा नसतो. ताई, तुमच्या मुलांची पक्ष्यांची यादी महिन्यासकट आणि सर्व्हे क्रमांकासकट त्यात जोडा, ग्रामसभेच्या ठरावाची प्रत लावा. उद्या ३९अ खाली हरकत घ्यायची वेळ आली तर हेच कागद लागतात.

दिवचली | रविवार, रात्री १०:११

नोंदवही कुणाकडे असते?

कलमकसाई | रविवार, रात्री १०:१४

पंचायत सचिवाकडे मागा. कपाटाची चावी सापडत नाही म्हणतील. लेखी अर्ज द्या, पोचपावतीवर शिक्का घ्या, चावी सापडते.